कर्णिक बाईंचं घर पाडायचं राहिलं

साइटवर सिमेंटपेक्षा किस्से जास्त पडतात. सिमेंट निदान संपतं तरी! मी सिव्हिल इंजिनिअर, परळला राहते. गिरगावातल्या एका घरावर दीड वर्ष काम केलं आणि तेवढ्यात जेवढे किस्से साठले, तेवढे आधीच्या सगळ्या नोकऱ्यांत मिळून नाहीत. हल्ली मैत्रिणी भेटल्या की ‘कशी आहेस’ विचारत नाहीत. ‘ते घराचं सांग ना’ म्हणतात.

घर कर्णिक बाईंचं. बाई बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्याच शीवला राहतात. त्यांचे काका वारले, घर बाईंच्या नावावर आलं आणि पुढे वीस वर्षं नुसतं कुलूप. तळमजला आणि वर दोन मजले. सगळे म्हणाले, बिल्डरला द्या, टॉवर होईल. एका कन्सल्टंटने तर वरचे दोन्ही मजले पाडावे लागतील असं लिहूनच दिलं. तो कागद घेऊन बाई माझ्याकडे आल्या.

“मला टॉवर नको. आहे त्याच घरात भाड्याचे सहा फ्लॅट काढून द्याल?”

मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे!

* * *

गच्चीवर पिंपळ उगवलाय, हे रस्त्यावरूनही दिसायचं. पण खरा पिंपळ आत होता. त्याचं मूळ गच्चीतून दुसऱ्या मजल्यावर, तिथून भिंतीच्या कडेकडेने पहिल्यावर आणि मग तळमजल्यावर उतरलेलं. माझ्या मनगटाएवढं जाड! वाटेत दोन मोऱ्या लागल्या, तिथे थांबलं नाही. सरळ खालच्या स्वयंपाकघरात येऊन लादीखाली शिरलं.

आमचा प्लंबर रफिक, शिवडीचा. गुडघ्यावर बसला, पान्याने टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, नीचे पोकळ है.”

चार लाद्या काढल्या. खाली एक मोठा दगड. तो सरकवला तर गार हवा तोंडावर आली. विहीर! रफिकने बॅटरी मारली. तळाला स्वच्छ पाणी आणि त्यात ते मूळ, केस सोडल्यासारखं पसरलेलं. त्याने दोरीला डबा बांधून पाणी काढलं, जिभेला लावलं. समुद्र चालत दहा मिनिटांवर आणि पाणी गोड! तीन छपरांखाली, दगडाखाली पाणी आहे, हे गच्चीवरच्या झाडाला कुणी सांगितलं? आम्ही दोघं बराच वेळ नुसते वाकून बघत राहिलो.

मग मी बाईंना फोन लावला. “बाई, तुमच्या स्वयंपाकघरात विहीर आहे!”

“हो, मग?” बाई म्हणाल्या. “तुमच्या सर्व्हेत नव्हती आली?”

* * *

दाजी मेस्त्री आमचे सुतार. गाव कणकवलीकडे, बिऱ्हाड लालबागला. वडील गिरणीत होते, हे लाकडात पडले. वय पंचाहत्तर. घरात एकेचाळीस तुळया, सगळ्या सागवानी. दाजी शिडीच्या घोड्यावर चढायचे, छोट्या हातोडीने तुळई ठोकायचे आणि गाल टेकवून डोळे मिटायचे. दोन दिवसांनी खाली उतरले तेव्हा दोन तुळयांवर खडूची फुली होती.

मी आपली मशीनवाल्या तज्ज्ञाला बोलावून बसलेली. त्याच्या मशीनने एकाच तुळईवर बोट ठेवलं. दुसरी म्हणे एकदम ठणठणीत!

दाजी म्हणाले, “साहेबानु, हिच्या पोटात कायतरी आसा.”

ड्रिल लावलं. पहिले दोन इंच अस्सल साग आणि मग भुरभुर भुरभुर, नुसतं पीठ! तज्ज्ञाने मशीन पेटीत ठेवलं, दाजींच्या समोर पाटावर बसला.

“दाजी, तुम्ही नेमकं ऐकता काय?”

“मी खय ऐकतंय? तीच बोलता!”

* * *

दुसऱ्या मजल्यावर जमिनीला चिकटवलेलं लिनोलियम फाडलं आणि खाली बाग निघाली. जुन्या फुलांच्या लाद्या, मध्ये निळं फूल, कडेने विटकरी वेल. एकोणीस फुटलेल्या. तशा लाद्या आता कुठून आणायच्या? नमुना घेऊन अर्धी मुंबई हिंडले. शेवटी बाईंना म्हटलं, तेवढ्यात साध्या बसवू. बाईंनी नमुन्याची लादी परत माझ्या हातात ठेवली. म्हणजे नाही!

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला हिंदमाताच्या साडीबाजारात गेलो. दुकानदार एकेक साडी उलगडतोय, बहीण पदर खांद्यावर टाकून बघतेय आणि मी गादीखाली बघतेय. निळं फूल, विटकरी वेल!

“ही जमीन कुठली हो?” मी विचारलं.

“जुनी आहे मॅडम. दिवाळीनंतर उखडून मार्बल टाकतोय.”

त्यातल्या एकोणीस मला द्या म्हणून मी तिथल्या तिथे हात जोडले. तो हसायला लागला. म्हणाला, “चाळीस वर्षं या गादीवर बसतोय. खाली बघणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही!”

* * *

काम चालू असतानाच लोक फ्लॅट बघायला यायचे. बाई कुणालाच नोकरी विचारायच्या नाहीत, आडनाव विचारायच्या नाहीत. फक्त एकच: “संध्याकाळी गॅलरीत उभे राहाल का?”

एक जोडपं म्हणालं, “गॅलरी आम्ही कव्हर करून घेऊ.”

बाई उठल्या, त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या!

* * *

तळमजल्याचा मधला खांब बुडाशी कुजला होता. दाजींनी त्याच जाडीचा जुना सागवानी खांब शोधून आणला, चौदा फुटी. ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडला. गल्लीत काटकोनी वळण. मी टेप लावून बघितलं, खांब वळणं अशक्य. दोन तुकडे करावे लागणार. दाजींचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात गल्लीतल्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी आले. पन्नाशीचे गृहस्थ, हातात ऑफिसची बॅग. खांबाभोवती एक चक्कर मारली, बॅग माझ्याकडे दिली आणि खिशातून शिट्टी काढली.

“मॅडम, टेप ठेवा आत. बाप्पा दरवर्षी इथूनच काढतो आम्ही.”

पाच मिनिटांत वीस माणसं जमली. “पुढचे बसा! मागचे वर! डावा खांदा पाडा!” खांब उभा काय झाला, तिरका काय झाला, वरच्या वायरींना न शिवता वळणातून अलगद बाहेर आला. कुणीतरी सवयीने “मोरया!” ओरडलं. आणि खरं सांगते, दारात एक आजी ताम्हन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खांबाला ओवाळलं!

* * *

तो खांब बसेपर्यंत वरचे दोन्ही मजले चौदा टेकूंवर उभे होते. खांब बसला, आता टेकू काढायचे. माझं गणित मी दहा वेळा तपासलं होतं, तरी त्या सकाळी अकराव्यांदा तपासलं. वजन नव्या खांबाने घेतलं तर घर राहिलं. नाही घेतलं तर कन्सल्टंटचा कागद खरा.

बाई शीवहून टॅक्सीने आल्या. घडीची खुर्ची आणली होती. ती उघडून त्यांनी बरोब्बर मधल्या तुळईखाली मांडली आणि बसल्या.

“बाई, प्लीज, बाहेर थांबा.”

“पुढे इथे लोक झोपणार ना? मग आज मी बसते. काढा.”

आवाज नको म्हणून रफिकने विहिरीवरचा पंप बंद केला. दाजी पहिल्या टेकूपाशी गेले. टेकूखालच्या पाचरा मी स्वतः समोर उभी राहून ठोकून घेतलेल्या, इतक्या घट्ट की घण घातल्याशिवाय हलू नयेत. दाजींनी घण उचलला. मग थांबले. घण खाली ठेवला. दोन बोटांनी पाचर ओढली.

निघाली.

टेकू अलगद त्यांच्या खांद्यावर कलला. दुसऱ्याकडे गेले. तोही तसाच. तिसरा, चौथा... चौदाच्या चौदा! एकावरही वजन नव्हतं. तुळई खचली तर कळावं म्हणून तिच्याखाली मी दोरा ताणून ठेवला होता, तो केसभरही हलला नव्हता.

“गो बाय,” दाजींनी मला विचारलं, “ह्ये तू सैल केलंस?”

“नाही हो!”

रफिकनेही नाही म्हणून मान हलवली.

बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. वर बघत म्हणाल्या, “म्हणजे हे घर किती दिवस आपलं आपणच उभं होतं?”

दाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.