अर्ध्यावरचा काटा

आमच्या गाडीत थर्मोस्टॅट नाही, हे आम्हाला चार वर्षांनी कळलं. तोवर पप्पा गाडीचं कौतुकच करत होते. "बघ, तापमानाचा काटा तळाला. घाट चढली तरी तळाला. तापत म्हणून नाही."

पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात मिठाच्या बरणीखालीसुद्धा पत्रक असायचं. मी वाचायला शिकले ती 'हटवा', 'बंद करा' आणि 'रद्द करा' या शब्दांवर. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. काय हटवायचं याची यादी आम्हा बापलेकीकडे कायम तयार असायची. त्या जागी काय आणायचं, ते पत्रकाच्या शेवटी दोन ओळींत उरकायचं, कारण तिथवर कागद संपलेला असे.

आई पत्रकं लिहीत नाही. ती हरसूलच्या पुढे एका पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. बावीस वर्षं एसटी आणि वडाप जीप. छप्पन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि दोन वर्षं स्वतः चालवत जाऊ लागली. गाडी जुनीच होती, पण किल्ली तिच्या पर्समध्ये राहू लागली.

त्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. त्र्यंबकच्या पुढच्या घाटात तिच्या समोरची काच आतून धुरकटली. हीटर लावला तर त्यातून गार वारा. ती एका हातानं काच पुसत होती तेवढ्यात चाक रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरलं. घरी येऊन तिनं हे भाजी निवडता निवडता सांगितलं.

"मग सोमवारी एसटीनं जा," पप्पा म्हणाले.

सोमवार तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

"एसटीनं बावीस वर्षं गेले. शेवटच्या दिवशी शाळेच्या दारात मी माझी गाडी लावणार आहे. पोरांना कबूल केलंय, प्रत्येकाला मैदानाची एक चक्कर."

मग तिनं डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं. आमच्या घरात ते आजवर कुणी उघडलं नव्हतं. कंपनीनं लिहिलेलं आम्ही का वाचावं? तिनं चष्मा लावून वाचलं: इंजिन तापत नसेल आणि हीटर गार असेल तर थर्मोस्टॅट बघा. हा एक लहानसा वॉल्व्ह. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवतो, इंजिन गरम झालं की वाट उघडतो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री हसला.

"तो व्हय? तो तर मी चार वर्सांमागंच काढून टाकला, काका. अडकायचा, गाडी लय गरम व्हायची. आता व्हती का गरम?"

"अहो, पण मग नवा का नाही बसवला?" मी विचारलं.

"नवाबी अडकला असता ना ताई, एक दिवस. नाशकात काय बर्फ पडतो का?"

त्यानं आम्हाला फसवलं नव्हतं. त्या ओळीतली सगळी गॅरेजं हेच करतात. त्याच्याकडे एका डब्यात काढून टाकलेले वॉल्व्ह होते, वीसेक तरी. तो डबा त्यानं अभिमानानं हलवून दाखवला. रविवारी त्याला लग्नाला जायचं होतं. शेजारच्या दुकानातून आम्ही नवा वॉल्व्ह घेतला आणि घरीच बसवायचं ठरवलं.

परतताना मी गाडीत भाषण सुरू केलं. ही या देशाची रीतच आहे. सिग्नल बिघडला, बंद करा. नळ गळतो, बूच मारा. वाचनालयात कुणी येत नाही, कुलूप लावा. जे अडकतं ते दुरुस्त करायचं नाही, काढून टाकायचं आणि म्हणायचं, बघा, आता काही त्रास आहे का?

"माझी जागापण भरणार नाहीत," आई म्हणाली. ती गाडी चालवत होती, आवाज वर गेला नाही. "पत्र आलंय. पट कमी आहे म्हणे. चारही वर्ग आता एकट्या गुरुजींनी बघायचे."

तिनं द्वारकेचा चौक ओलांडला.

"पत्रक काढू," पप्पा म्हणाले.

"आधी गाडी काढा," आई म्हणाली.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली आम्ही बॉनेट उघडलं. समोरच्या बुद्धविहाराच्या कट्ट्यावरून एसटीचे निवृत्त ड्रायव्हर काका उठून आले. ते आयुष्यभर घाटात गाड्या चालवत आले होते आणि त्यांचं सगळ्यावर एकच मत होतं. "वॉल्व्हबिल्व्ह काही लागत नाही. आमच्या गाड्यांत ड्रायव्हरच गरम असायचा."

आई खुर्चीत बसून पुस्तकातून शुद्धलेखन सांगावं तसं वाचत होती. "इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. मागं कोण बोलतंय?" काकांनी हाताची घडी घातली.

रेडिएटरमधलं पाणी बादलीत काढलं. ते टपरीच्या चहासारखं दिसत होतं. पप्पांनी पाइपाची क्लिप सैल केली. मग दहा नंबरच्या पान्यानं झाकणाचे दोन बोल्ट. एक बोल्ट हलेना. पप्पांनी त्यावर तेल सोडलं, वाट पाहिली, हातोडीनं हलकेच टकटक केली, आणि तो निघाला. झाकण उघडलं तेव्हा आत नुसतं भोक होतं. मला आधीच माहीत होतं, तरी मी बराच वेळ त्यात बघत राहिले.

नवा वॉल्व्ह तपासल्याशिवाय पप्पा बसवणार नव्हते. आईच्या चहाच्या पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात तो दोऱ्यानं सोडला. पाणी कढत आल्यावर तो हळूहळू उघडला, बाहेर काढल्यावर मिटला. नंतर त्या पातेल्यातला चहा फक्त काकांनी घेतला.

मग लक्षात आलं की नव्या वॉल्व्हच्या खोक्यात पॅकिंग नाही. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये जाड कागदाची चकती लागते, नाहीतर पाणी गळतं. दुकानं बंद. पप्पा वर गेले आणि युनियनच्या पंचविसाव्या वर्षी काढलेली पुस्तिका घेऊन आले. लेखन, संपादन त्यांचंच.

"पप्पा, ही?"

"पत्रकाचा कागद पातळ असतो. इथं मुखपृष्ठच पाहिजे."

त्यांनी मुखपृष्ठ झाकणावर धरलं आणि कडेनं हातोडीचे बारीक ठोके दिले. कारखान्यात तीस वर्षं असंच पॅकिंग कापलं होतं. मुखपृष्ठावर वर उगवता सूर्य होता, खाली मूठ. नेमका सूर्यच कापला गेला. त्याला दोन्हीकडून ग्रीस लावलं.

"स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, छोटं भोक वर," आईनं वाचलं. "परत सांगा."

पप्पांनी परत सांगितलं.

सोमवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. आई स्टिअरिंगवर, मी शेजारी, पप्पा मागं. माझ्या पिशवीत रात्री युनियनच्या ऑफिसात छापलेल्या 'जागा भरा' या पत्रकाच्या दोनशे प्रती होत्या. सातपूर मागे पडलं तोवर हीटरमधून ऊब येऊ लागली आणि काच स्वच्छ झाली. मी आईकडे बघून हसणार, तेवढ्यात काटा दिसला. तो तळ सोडून वर येत होता.

"पप्पा, काटा."

पप्पा दोन सीटांच्या मधून पुढं वाकले. काटा पाव झाला. मग अर्धा.

"गाडी बाजूला घे. तापतेय."

"नाही तापत," आई म्हणाली. "अर्ध्यावर म्हणजे बरोबर. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात काहीही लिहितात." हे पप्पा म्हणाले, ज्यांची पुस्तिका त्या क्षणी इंजिनाला बसवलेली होती.

"आई, चार वर्षांत असा कधी आला नव्हता," मीही म्हणाले. जगातली प्रत्येक चुकीची गोष्ट ओळखू शकतो असं मानणारी आम्ही दोघं. चार वर्षं चुकीचा काटा बघून तोच आम्हाला बरोबर वाटायला लागला होता.

आईनं घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

"उतरायचं असेल तर उतरा. मागून एसटी येतेय."

कुणी उतरलं नाही. ती घाट चढली. काटा मधोमध राहिला, खिळा ठोकल्यासारखा.

शाळेच्या दारात तिनं गाडी लावली तेव्हा अकरा मुलं गाडीभोवती जमली होती. पप्पा खाली वाकून गळती बघू लागले. एक थेंब होता. "पॅकिंगनं धरलंय," ते म्हणाले.

निरोप समारंभात केंद्रप्रमुख साहेब बोलले. बाईंची सेवा, बाईंचा त्याग. शेवटी ते म्हणाले, "बाईंच्या जाण्यानं झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही."

माझा हात पिशवीकडे गेला. त्याआधी आई खुर्चीतून बोलली, वर्गात चूक दाखवावी तशी.

"भरून निघते साहेब. नवा माणूस नेमला की निघते."

साहेबांना तो विनोद वाटला. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या. फक्त गुरुजींनी नाही. उद्यापासून चारही वर्ग त्यांच्याकडे होते. पुढं येऊन त्यांनी माझ्याकडून एक पत्रक मागून घेतलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

आईनं शाल-नारळ खुर्चीवर ठेवला आणि पर्समधून किल्ली काढली.

"पहिले चार," ती म्हणाली. "ढकलाढकली नाही. सगळ्यांना मिळणार आहे."