तिरडी बांधताना सुरू झालेली गाडी

आमच्या यांना दोन-तीन वर्षांपासून एका जुन्या विलायती मोटरसायकलीचं वेड लागलंय. रोहिणखेडकडच्या एका गोठ्यात ती कडब्याखाली पडून होती, इंजिन जाम. संध्याकाळी हे खोलायचे, मी डिझेलमध्ये नटबोल्ट धुवायची. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सगळं बसवून झालं, पण गाडी काही बोलेना. किक मारून मारून यांचा गुडघा सुजायचा.

गेल्या वर्षी शेजारचे भाऊजी वारले. त्यांची मुलगी पुण्याहून येत होती. तिला घेऊन जीप मलकापूर स्टेशनावरून निघाली होती. बाहेर माणसं तिरडी बांधत होती. सुतळी कमी पडली म्हणून हे घरी गेले. मी आत त्यांच्या बायकोला, वहिनींना, धरून बसले होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून धडाड्‌ आवाज आला. मग आणखी एक. मग एकसारखी धडधड.

"झाली! चालू झाली!" मी चक्क उठून उभी राहिले. हसत.

बायकांचं रडणं थांबलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. भाऊजी गेलेत हेच मी तेवढ्या क्षणापुरतं विसरले होते.

आवाज वाढतच चालला. त्या गाडीला किल्ली नाही. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी आपोआप पडत राहते, आणि बंद करायच्या दांडीची तार बसवायचीच राहिली होती. मी पदर खोचून धावले. रेस अडकलेली, हे पेट्रोलचा कॉक बंद करून, आत उरलेलं पेट्रोल संपायची वाट बघत घामाघूम उभे. हवा तोडायला मी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. दोन गचके देऊन गाडी थांबली.

"काऊन केलं हो असं? आज?"

"एकच किक मारून पाह्यली," हे खाली बघत म्हणाले. "मले वाटलं, रोज कुठं चालू होते."

सुतळीचा गुंडा त्यांच्या हातातच होता.

मी परत गेले तेव्हा हाताला पेट्रोलचा वास येत होता. वहिनींजवळ त्यांची नणंद बसली होती. मी दाराशी टेकले.

तेरवीनंतर माफी मागायला गेले. वहिनी गहू निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमची गाडी झाली म्हनते चालू."

"हाव."

"चांगलं झालं. लई दिवस खपले भाऊ तिच्यापायी."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. माफीचं राहूनच गेलं. मी बसून थोडे गहू निवडले आणि उठले.

आता हे गाडी ढकलत पार मोठ्या रस्त्यावर नेतात आणि तिथे किक मारतात. मागून ढकलायला मी असते. वहिनींच्या दारावरून जाताना माझी नजर मागच्या चाकावरून हलत नाही.