भिंतीच्या आतला कॅमेरा

नरेशचा, म्हणजे माझी भागीदार शैला हिच्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा दुपार होती. कडावच्या आमच्या ऑफिसात, शैलानंच मांडून ठेवलेल्या एका हॉलचं चित्र कॉम्प्युटरवर तयार होत होतं. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि वेड्यासारखी स्क्रीनकडे बघत राहिले. खिडकीतला उजेड भरला, मग सोफा, मग फरशीवरची सावली... चित्र पुरं झालं तेव्हा मला रडू फुटलं. कावीळ इतकी बळावेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही. दवाखान्यातूनही दटावत होती, "वर्षे, त्या हॉलचा कॅमेरा हलवू नको. मी आले की बघते."

आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. कर्जत-खालापूरच्या बाजूला बंगल्यांच्या स्कीमा उठतायत, आणि घर उभं राहण्याआधी ते आतून कसं दिसेल याची चित्रं गिऱ्हाइकाला दाखवावी लागतात. ती आम्ही दोघी कॉम्प्युटरवर बनवायचो. फर्निचर, रंग, पडदे माझ्याकडे. उजेड आणि कॅमेरा शैलाकडे. हा कॅमेरा खरा नव्हे, कॉम्प्युटरमधला. तो कुठंही ठेवता येतो, आणि सगळी गोम तिथंच आहे. एक भिंत काढून टाकायची, कॅमेरा खोलीबाहेर न्यायचा, लेन्स रुंद करायची, की एवढीशी खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. सगळेच करतात. सुरुवातीला शैलानंही केलं.

ते कोंडाणे गावात, तिच्या मामांच्या घराचं काम होतं. मामांनी चित्रातला हॉल पाहिला आणि ठरवूनच टाकलं, मुलीच्या साखरपुड्याची पंगत घरातच, मांडव नको. घर झालं, दिवस आला, समोरासमोर दोन पंगती बसल्या... आणि मधून वाढणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. शैला भाताचं पातेलं घेऊन दारातच उभी. शेवटी एक पंगत पानांसकट उठवून ओटीवर नेली. मामी म्हणाल्या, "शैले, चित्रात तर सगळा गाव जेवला असता गं." सगळे हसले. शैला नाही हसली. मूळची हट्टी होतीच, त्या दिवसापासून हट्टाला धार आली.

माणूस जिथं उभा राहू शकतो तिथंच कॅमेरा ठेवायचा, हा नियम तिनं तेव्हा केला आणि कुणासाठी मोडला नाही. ती या धंद्यात आली लग्नाचे फोटो काढत, त्यामुळे खऱ्या कॅमेऱ्याच्या खोडी तिला पाठ होत्या. त्या सगळ्या तिनं चित्रात आणल्या. खिडकी जराशी पांढरी जाऊ द्यायची. "भर उन्हातली शेतं आन आतलं कपाट, दोनी एकदम कुणाला दिसतात गं?" कोपरे किंचित काळपट, सावलीत फोटोत येतात तसे बारीकसे दाणे, अगदी जवळची फुलदाणी धूसर. पण तेही मापात. एकदा मी हौसेनं सोफ्यामागचं सगळंच धूसर करून ठेवलं, तर म्हणाली, "घराला मोतीबिंदू झालाय का?" तिची बोलणी खातच मी शिकले.

ती गेल्यावर तोच हॉल अडला. तो कुंभिवलीजवळच्या एका स्कीममधला. तिथले बिल्डर शेठ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. माणूस वाईट नाही, तेराव्याला येऊन गेले. पण पुढच्याच आठवड्यात फोन. "ताई, हॉल लहान वाटतोय. कॅमेरा मागं घ्या, नायतर पुढची कामं मला दुसरीकडं द्यावी लागतील." मला रागही आला आणि भीतीही वाटली. ही कामं गेली तर ऑफिस बंद करावं लागणार, आणि कॅमेरा हलवला तर उघडं राहिलेलं ऑफिस शैलाचं नसणार. मी म्हटलं, "हलवणार नाही. नमुन्याचं घर तयार आहे ना तुमचं? तिथं चित्र घेऊन उभे राहू. खोटं निघालं तर तुमचं खरं."

गेलो. मोठ्या कागदावरचं चित्र धरून मी कॅमेऱ्याच्या जागी, दाराला पाठ लावून उभी राहिले. जुळेना. चित्रात टेबलाची नुसती कड दिसत होती, माझ्यासमोर मात्र सगळं टेबल पसरलेलं. शेठ गालातल्या गालात हसत होते. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. मग काय सुचलं कोण जाणे, गुडघ्यांत वाकले. अजून थोडी वाकले... आणि टेबलाची कड, खिडकीची चौकट, पलीकडचं दार, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. "शेठ, असे वाका," मी म्हटलं. ते वाकले. कितीतरी वेळ एकदा चित्राकडे, एकदा खोलीकडे बघत राहिले.

"खरं हाय," ते म्हणाले. "राहू द्या असंच. पण एवढ्या खालून बघतं कोण, ताई?"

शैला माझ्या खांद्याला लागायची. कॅमेरा तिचं खातं, त्याची उंची मी कधी तपासलीच नव्हती. इतकी वर्षं आमच्या प्रत्येक घरात आधी ती स्वतः उभी राहून बघत होती. शेठ सरळ होऊन बाहेर गेले. माझे गुडघे दुखायला लागले होते, तरी मी तशीच वाकून राहिले. तिला दिसलेलं ते घर मला अजून थोडा वेळ बघायचं होतं.