माझी तीस, मिस्त्रींची चोवीस

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. तीस वर्षं ते सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती बांधतायत आणि तीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली घमेली वाहतेय. टेप नावाची वस्तू या माणसानं कधी खिशात ठेवली नाही. जागेवर यायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडताड चालत जायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. त्यांचं एक पाऊल म्हणजे अडीच फूट. भिंत संपली की मोजके सात-आठ ब्लॉक उरायचे. मग काय, असा भाव खायचे, विचारू नका!

मीही मोजायचे. डोक्यावर घमेलं असलं की बोलता येत नाही, मग पावलं मोजायची सवय लागते. माझं पाऊल दोन फुटांचं. त्यांची चोवीस भरली की माझी तीस. "तुझ्या पावलांवर माल मागवला तर ठेकेदार देशोधडीला लागेल," असं चिडवायचे. रस्त्यानं जातानाही तेच. हे पुढे, मी दहा हात मागे, धापा टाकत.

गेल्या वर्षी ते परांचीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सहा महिने अंथरुणावर. उठले, कामावर आले, आणि तेव्हापासून आम्ही बरोबरीनं चालायला लागलो. मला वाटलं, चला, माणूस सुधारला एकदाचा. मी येडी!

त्या दिवशी गोदामाच्या मागची भिंत घालायची होती, सहा फूट उंच. ठेकेदार ब्लॉकच्या कारखान्याला फोन लावून उभाच होता. मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाला, "मागच्या कामावर शंभर ब्लॉक उरले, मिस्त्री. कारखाना परत घेत नाही. ढीग अजून तिथंच पडलाय. आताही तसंच झालं तर सरळ गेटवर खुर्ची टाकून बसा. राखणीला माणूस लागतोच मला." रागानं बोलला असता तर परवडलं असतं. तो कीव करत होता.

"टेप लावायची का?" त्यानं विचारलं.

"टेप नवशिक्यांना," मिस्त्री म्हणाले आणि चालायला लागले. कान लाल झाले होते. मला वाळूचं घमेलं त्याच टोकाला न्यायचं होतं, मी मागोमाग निघाले.

"तीस!" ते टोकाला पोचून ओरडले.

माझंही पाऊल तिथंच टेकलं होतं. तीस. माझी तीस, तर त्यांची चोवीसच भरायला हवी होती. मागचे शंभर ब्लॉक कुठून आले ते एका क्षणात कळलं.

इकडे मिस्त्रींचा हिशेब धडाधड सुरू. "पंचाहत्तर फूट. थराला छप्पन ब्लॉक, थर नऊ, झाले पाचशे चार. तुटफूट धरून पाचशे तीस सांगा. सिमेंट सात गोण्या."

"हं, लिहून घ्या," ठेकेदार फोनवर बोलायला लागला.

बोलले तर चारचौघांत यांची अब्रू जाणार. गप्प बसले तर ती खुर्ची. खुर्चीवर बसलेले मिस्त्री डोळ्यांसमोर आले आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, माझीही तीसच भरली."

"वहिनी, एक मिनिट," ठेकेदार वैतागला. त्याला काय कळणार? पण मिस्त्रींना कळलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पायांकडे.

"नीट मोजलीस?"

"कधी चुकलेय मी?"

आता हा माणूस थापी फेकणार, मला सगळ्यांसमोर झाडणार, असं वाटून मी घमेलं घट्ट धरलं.

"फोन थांबवा," मिस्त्री म्हणाले. "आकडा चुकला. पाऊल आखडलंय माझं. मागचे शंभरही त्यानंच उरले. लांबी साठ फूट. थराला पंचेचाळीस, नऊ थरांना चारशे पाच. तुटफूट धरून सव्वाचारशे. सिमेंट पाच गोण्या."

"साठ कशावरून?"

"हिच्या पावलांवरून."

ठेकेदारानं टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन चालत गेला. मिस्त्री पाठ फिरवून उभे. टेप ताणली गेली. तो वाकून बघत होता, आणि मेला मान वर करेचना.

"साठ," तो म्हणाला. "दोन बोटं कमी." मग फोनवर, "सव्वाचारशे पाठवा." आणि आमच्याकडे न बघताच, "उद्या सातला या. दोघंही."

संध्याकाळी गेटातून बाहेर पडलो. राखणीची रिकामी खुर्ची तिथंच होती. आम्ही दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं. बराच वेळ बरोबरीनं चाललो, आणि मग त्यांनी विचारलं, "इतके महिने तुझ्या लक्षात नाही आलं?"

मला रडूच फुटलं. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी हळू चालताय."

कोपरा आला. मग रस्ता ओलांडताना ते म्हणाले, "तसंही असेल की."