डब्याचा साक्षीदार

गणपत वाणी गेल्याचे मला अमरावतीच्या कचेरीत कळले. अकोल्याहून आलेला दलाल म्हणाला, "पटकीच्या साथीत गेला. कापसाचा बाजार दुपारपावतर बंद होता." विलायतेच्या मागणीमुळे एक गाडी थांबत नाही असा हा मोसम, आणि बाजार थांबला तो एका किराणा दुकानदारासाठी. मला आधी दुःख झाले नाही... माझ्यासाठी हा बाजार तासभर तरी थांबेल का, एवढेच मनात आले.

बाळापूरला आम्ही एकाच पंतोजींकडे शिकलो. त्याने लवकर पाटी टाकली आणि अकोल्यात दुकान घातले. मी आमच्या कुळातला पहिला बी. ए. झालो. कापसाचा पैसा आला तसे मुंबईहून खाण्याचे टिनाचे डबे येऊ लागले, वर इंग्रजी कागद चिकटवलेले. ते वाचू शकणारा मी, पण डबा कसा आहे हे लोक विचारायचे गणपतला.

अकोल्यातच दिलेल्या माझ्या बहिणीला, यशोदेला, तान्ह्यासाठी दूध कमी पडले तेव्हा मी त्याच्याच दुकानातून एक डबा उचलला. कागदावर स्वच्छ लिहिले होते : तान्ह्या बाळाचा पूर्ण आहार, आईच्या दुधाच्या तोडीचा.

"रामभाऊ, हा कालच आला. मी खाऊन पायला नाही अजून."

"मी वाचला आहे," मी म्हणालो.

दहा-बारा दिवसांत पोराच्या बरगड्या दिसू लागल्या. मी कागद पुन्हा वाचला आणि भुकटी वाढवायला सांगितली. त्याच संध्याकाळी गणपत काठी टेकत यशोदेच्या दारात आला. आठ दिवस तो फक्त त्या भुकटीवर राहिला होता.

"यशोदाबाई, हे नुसतं पीठ हाय. मले दुकानाची पायरी चढवेना, लेकराचं काय होईन? शेळीचं दूध पाजा."

मी कागद पुढे केला. तो हसला. "ज्याचा डबा, कागदबी त्याचाच. मंग साक्षीदार कोन?"

यशोदेने माझ्याकडे पाहिलेही नाही. शेळी आली, पोर सावरले... आणि आनंदाच्या आधी मला राग आला, हे आज लिहून टाकतो.

त्यानंतर नवा डबा आला की तो आधी भिजवून कागद काढून टाकी, मगच फळीवर ठेवी. हे तो मला टोचायलाच करतो असे मला वाटे.

परवा अकोल्याला गेलो, तेव्हा यशोदेनेच मला त्या दुकानात डबा आणायला धाडले. आता गणपतची बायको तिथे बसते. घंगाळात एक डबा भिजत होता. वाचायला वाकलो, तर कागदाचा लगदा झालेला.

"वहिनी, हा कसा आहे?"

"चार दिस झाले, मीच खाऊन राहिली. आनखी चार थांबा."

पायरीवर दोन बाया आधीच थांबल्या होत्या. मी त्यांच्या मागे उभा राहिलो.