तारेची दोन टोकं

"भावजी, हे काळं कुणी फासलं?"

"सीलंट आहे, वहिनी. कोपऱ्यातून गळत होतं. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत..."

"मी येईपर्यंत हात खिशात ठेवता आले नाहीत?"

वहिनी दोन दिवस लेकीकडे काय गेल्या, दिराने साठ वर्षांच्या गाडीच्या पुढच्या काचेभोवती लुकणाची अख्खी नळी पिळून ठेवली होती. वरून बोटही फिरवलं होतं, पोरं चिखलात फिरवतात तसं.

नवरा गेल्यापासून बावीस वर्षं गॅरेजातलं काचेचं काम वहिनीच करत. गिऱ्हाईक मात्र दिराकडे बघून विचारी, "मालक, कधी होईल?" आणि दीर मालकासारखी मान हलवी. वहिनींचं काम कोरडं असे. काचेला नवं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावून काच चौकटीवर टेकवायची आणि आत बसून दोरी ओढत न्यायची. दोरी निघेल तशी रबराची कड पत्र्यावर उलटते आणि घट्ट बसते. डिंक नाही, लुकण नाही. तरी गळलंच, तर खोट पत्र्यात. या गाडीचा खालचा डावा कोपरा दबलेला होता. आल्यावर काच काढून तो सरळ करते, हे त्या जाताना दोनदा बजावून गेल्या होत्या.

"बाहेरून थांबलंय की पाणी," दीर पुटपुटला.

वहिनींनी गाडीतलं पायपुसणं उचलून त्याच्यासमोर पिळलं. "मग हा काय गाडीला घाम आला?"

तेवढ्यात गाडीचा मालक आला. दाताचा डॉक्टर. आला तो सवयीने दिराकडेच वळला. "संध्याकाळपर्यंत मिळेल ना?"

"डॉक्टर," वहिनी मधेच म्हणाल्या, "किडका दात वरून रंगवून देता का तुम्ही?"

"छे!"

"मग बाकावर बसा."

डॉक्टर बसला. त्याच्या बापाची गाडी होती ती. तसली काच आता कुणी घडवत नाही. तडकली तर गाडी कायमची आंधळी. एरवी रबर कापलं की काच अलगद हातात येते. आता दिराच्या लुकणाने ती पत्र्याला चिकटली होती. ते कापायला एकच उपाय. दाभणाने भोक पाडून बारीक तार आरपार घालायची आणि एकाने आतून, एकाने बाहेरून ती करवतीसारखी चालवायची. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. दोघांनी मिळून ओढलं, की काचेची कड गेली.

म्हणजे ज्याचं मुस्काट फोडावंसं वाटत होतं, त्याच्याच हाती दुसरं टोक द्यायचं. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी दिलं, आणि त्याला गाडीत बसवलं.

"मी ओढीन तेव्हा सोडायचं."

"कळतं हो मला."

"कळलं असतं तर आत बसायची पाळी आली नसती."

वरची बाजू सुटली. उजवी सुटली. दबलेल्या कोपऱ्याशी तार अडकली आणि दिराने जोर लावला. काच करकरली. बाकावरचा डॉक्टर ताडकन उठला.

"हात आवर, गाढवा!" वहिनी कडाडल्या.

इतक्या वर्षांचं अहोजाहो एका दमात गेलं. आत दीर होता तसा थिजला.

"सैल सोड. अजून. आता मी ओढते."

तार इंच इंच सरकली. शेवटचं लुकण चर्रकन तुटलं आणि काच हलली. वहिनींनी बोटाचं पेर कडेवरून चारी बाजूंनी फिरवलं. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

"धरा आता, भावजी. खालून."

दोघांनी काच घोंगडीवर आडवी ठेवली. डॉक्टरने घाम पुसला. "मालक, मग आज...?"

"मालक आज लुकण खरवडणार आहेत," वहिनी म्हणाल्या. "काचेचं मला विचारायचं. उद्या दुपारी या."

डॉक्टरने दिराकडे पाहिलं. दीर खाली बघत सुरी शोधत होता.

"सुरी नको, रंग उडेल. लाकडाची चीप घ्या. आणि अख्खी चौकट, नुसता कोपरा नाही."

राग काही उतरला नव्हता. वहिनींनी दबलेल्या पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा लावला, छोटी हातोडी घेतली आणि ठोकायला लागल्या.