आमची करडी आरवली तेव्हा

एका सकाळी मी माझ्याच बायकोची कोंबडी पकडून शेजारी नेऊन दिली आणि वर शेजारणीला चार शब्द सुनावून आलो. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

आमची वस्ती राहुरीपासून जरा आत, उसाच्या रानात. बांधापलीकडे चुलतीचं घर. तिचा तांबडा कोंबडा सकाळ झाली की बांध ओलांडून यायचा, आमच्या कोंबड्यांचे दाणे खायचा आणि आमच्या अंगणात घरजावयासारखा फिरायचा. आमच्याकडे तेव्हा कोंबडा नव्हता. होता तो आखाडात आम्हीच खाल्ला होता. त्यामुळे त्या दिवशी उजाडता उजाडता आमच्या खुराड्यातून आरवल्याचा आवाज आला तेव्हा मी अंथरुणातच तर्क मांडला. आपल्याकडे कोंबडा नाही, आवाज तर कोंबड्याचा, म्हणजे कोंबडा काकीचा. वर्गात एखाद्या पोराने एवढा सरळ विचार केला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

चष्मा न लावताच उठलो आणि खुराड्यात हात घातला. हाताला मोठा तुरा लागला, मानेवरची लांब टोकदार पिसं लागली. जनावर काखेत मारलं आणि बांध ओलांडला.

"काकी, धरा तुमचा कोंबडा. रोजचा मुक्काम झालाय आमच्याकडं. भाडं लावू का आता?"

चुलती अंगण झाडत होती. एरवी एका वाक्याला चार वाक्यं देणारी बाई, पण तिने झाडू टाकला, पाखरू मुकाट्याने घेतलं आणि आत गेली. तिच्यामागे उकिरड्यावर तांबडा कोंबडा उभा होता. तो मला दिसला, चष्म्याशिवायही दिसला. पण माणूस एकदा तावातावाने बोलून बसला की डोळ्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही. असतील तिच्याकडे दोन, असं म्हणून मी घरी आलो आणि चहा मागितला.

बायको दाणे टाकायला बाहेर गेली. दाणे टाकताना ती कोंबड्यांशी बोलते. कोण आळशी, कोण हावरी, काल कोण कुणाला टोचली, सगळा निवाडा तिथेच होतो. थोड्या वेळाने तिचं बोलणं थांबलं.

"अहो, करडी कुठंय?"

"असेल इथंच कुठंतरी."

"खुराड्याचं दार कुणी उघडलं?"

मी सगळा पराक्रम सांगितला. ती ऐकून घेत होती. मग तिने एवढंच विचारलं, "त्या कोंबड्याच्या पायाला जांभळी चिंधी होती का?"

होती. मला वाटलं होतं काकीने खूण म्हणून बांधली असेल. आता आठवलं, ते जांभळं कापड बायकोच्या जुन्या ब्लाउजचं होतं.

करडी म्हणजे काय हे सांगायला हवं. तीनेक वर्षांपूर्वी बायकोचं ऑपरेशन झालं. आमच्याकडे त्याला नुसतं 'पिशवी काढली' म्हणतात, पण तिची अंडाशयंही काढावी लागली होती. नंतर बरेच दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाटेवर पडून छताकडे बघायचं. ती इतकी गप्प झाली की मलाच घरात करमेना. म्हणून मी सोनईच्या बाजारातून पिल्लं आणली. त्यातलं राखी रंगाचं एक पिल्लू उचलून कुठेही ठेवा, ते फिरून तिच्या पांघरुणात जाऊन बसायचं. तिथून ती पुन्हा बोलायला लागली, आधी पिल्लाशी आणि मग माझ्याशी. हा क्रम मी कधी मनाला लावून घेतला नाही.

तीच करडी गेल्या काही महिन्यांत अंडी द्यायची थांबली होती. जुनी पिसं झडली आणि नवी आली ती लांब, चकचकीत. तुरा वाढला, चाल बदलली. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्याच काळात मी बारावीला संप्रेरकांचा धडा शिकवत होतो.

आम्ही दोघं बांध ओलांडून गेलो. करडी ओसरीवरच्या खांबाला पायाने बांधलेली होती. शेजारी काकी बसली होती, पुढ्यात विळी.

"काकी, चूक झाली माझी. ती आमची कोंबडी आहे."

"ठावं हाय मला," काकी म्हणाली. "हातात घेतली तवाच वळखली. मास्तरा, कोंबडी आरवली की घरावर काय तरी येतंय. तुला सांगून कळायचं न्हाई म्हनून गप घेतली. पोरगा डेअरीवरनं आला की कापतो अन् बांधाखाली पुरतो. खायची बी न्हाई असली."

"आमच्या घरावर यायचं ते येईल, काकी," बायको म्हणाली.

"बांधाला बांध हाय तुमचा आमचा! रविवारी नातीला बघाया कर्जतचं पाव्हनं येत्यात. दोन ठिकानी जमता जमता मोडलंय पोरीचं. त्येंच्या कानावर हे गेलं तर?"

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. तेव्हा मला वाटलं, भीतीवर उपाय ज्ञान. मी ओसरीवर बैठक मारली.

"काकी, तुमचं पूर्वी गुऱ्हाळ होतं ना? मग तुम्हाला लगेच कळेल. उसाचा आधी रस निघतो, तो कढईत आटवला की गूळ. मादीच्या अंगातही तसंच. आधी नराचं संप्रेरक तयार होतं, टेस्टोस्टेरॉन, तो झाला रस. अंडाशयात अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर असतं, ती समजा कढई. तिच्यात त्या रसाचं इस्ट्रोजेन होतं. तो गूळ."

"मंग?"

"अंगात गूळ आहे तोवर कोंबडी अंडी देते, कोंबडीसारखी दिसते. कोंबडीचं एकच अंडाशय चालतं, डावं. ते बिघडलं की कढई थंड पडली. मग गूळ होत नाही, आणि मूळचं नराचं रूप वर येतं. तुरा, पिसं, आरवणं, सगळं. माशांत, कासवांत, आपल्यातही हीच कढई आहे. यात शकुनाचा संबंध कुठं आला?"

काकीने सगळं नीट ऐकलं. मला आशा वाटू लागली.

"म्हंजी ती आता अंडी द्यायची न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"मंग कापून टाकाया काय हरकत हाय?"

विज्ञानाने कोंबडी का आरवली हे सांगितलं होतं. ती का जगावी, हे त्या धड्यात नव्हतं.

"पुरे झालं तुमचं गुऱ्हाळ," बायको मला म्हणाली आणि काकीसमोर खाली बसली. हल्ली तिला खाली बसायला वेळ लागतो. "काकी, हिचं अंडाशय बिघडलं. माझी तर डॉक्टरांनी दोन्ही काढून टाकली. हनुवटीला हात लावून बघा. रोज आरशापुढं उभी राहून केस उपटते मी, हे झोपेत असतात तेव्हा. आवाजही जड झालाय. मग रविवारी पाहुण्यांपुढं मीसुद्धा येऊ नको का?"

हनुवटीच्या केसांचं मला ठाऊक नव्हतं. मी शेजारी बसलो होतो, पण आता त्या ओसरीवर मी असून नसल्यासारखा होतो.

"तुझं येगळं हाय, बाई," काकी म्हणाली.

"काय वेगळं आहे?"

काकीने करडीकडे बघितलं. मग तिचा हात हळूच स्वतःच्या हनुवटीवर गेला. तिच्या हनुवटीवरचे केस मी लहानपणापासून बघत आलोय. ते कशामुळे, असा विचार घरात कुणी केला नव्हता.

"माझी बी पिशवी काढलीया," ती म्हणाली. "नगरला. तुमी पोरं हुता तवा. घरी आले तर सासू म्हनली, आता ही रिकामी बाई, सनावाराला हिला फुडं करू नगा. सासू जाईस्तवर कुनाची वटी न्हाई भरली मी." तिने पदराने तोंड पुसलं. "लई राग यायचा तिचा."

विळी बाजूला सरकवून तिने करडीच्या पायाची दोरी सोडली आणि तिला बायकोच्या मांडीवर ठेवलं.

"ने. पन पाव्हनं हाईत तवर डालग्याखाली घाल तिला. अन् वर काय तरी जड ठेव."

रविवारी आम्ही करडीला डालग्याखाली ठेवलं, डालग्यावर पोतं टाकलं आणि पोत्यावर मी जाडजूड पाट ठेवला. पाहुणे काकीच्या ओसरीवर बसले, पोहे आले. पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि नेमकं तेव्हाच बांधापलीकडून करडीने सूर लावला. साधासुधा नाही, भरदुपारी गळा मोकळा करून आरवली. काकीची बशी हातातच थांबली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांतले शेंगदाणे निवडत राहिलो.

मुलाचा बाप खूश झाला. "काय खनखनीत आवाज हाय! असा गावठी कोंबडा आता बघाया मिळत न्हाई. जमली सोयरीक तर पयल्या जेवनाला ह्योच धरू."

"त्यो न्हाई मिळायचा," काकी एका दमात म्हणाली. "त्यो आमच्या सूनबाईचा हाय. त्याला हात लावायचा न्हाई कुनी. तुमाला दुसरा कापू."

आणि तिने उकिरड्यावरच्या तांबड्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने आमचे दाणे खाल्ले त्याची भरपाई त्या एका नजरेत झाली असं मला वाटलं. सोयरीक जमली. सुपारी फुटली तेव्हा पोरीची ओटी भरायला काकीने माझ्या बायकोला पुढे केलं, आणि तिने भरल्यावर आपणही भरली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो. करडी डालग्यातून सुटून ऐटीत फिरत होती. एवढ्या गडबडीत आमची काळी खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठून गेली होती आणि परत बसायला तयार नव्हती. अंडी गार पडतील म्हणून बायको तिला चुचकारत होती. मी बनियनवर खुर्चीत पसरलो होतो.

"अहो," तिने मध्येच विचारलं, "ती कढई पुरुषांतही असते?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने माझ्या विषयातला प्रश्न आपणहून विचारल्याची ही पहिलीच वेळ. मी सरसावून बसलो.

"असते तर! मेंदूत असते, हाडांत असते. नराचं नरपण टिकायलाही मेंदूतली ती कढई लागते, आता बोल! आणि चरबीत तर चांगलीच असते. अंडाशय नसलेल्या बाईलाही थोडं इस्ट्रोजेन तिथूनच मिळतं, म्हणजे तुझंही सगळं काही संपलेलं नाही. आणि पुरुषाचं पोट सुटलं की त्याच्या अंगातही त्या रसाचा गूळ जास्त व्हायला लागतो, मग त्याची छाती हळूहळू..."

इथे आपण कुठे येऊन पोचलो ते माझ्या लक्षात आलं. मी पोट जेवढं आत घेता येईल तेवढं घेतलं. ती माझ्या बनियनकडे बघत होती. मग हसू लागली. ऑपरेशनच्या आधी हसायची तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काळी कोंबडी बिचकून आणखी लांब पळाली. बायकोने अंड्यांची टोपली उचलली आणि माझ्या पायांपाशी आणून ठेवली.

"राहू दे तिला," ती म्हणाली. "आरवायला आता करडी आहे. अंड्यांवर तुम्ही बसा."